टी-शर्टवर मशीन भरतकाम: भोकं टाळायला काय निवडावं, पडलीच तर काय करावं

होजिअरीच्या कापडावर भरतकाम करताना पडलेली भोकं मशीनवर सहसा दिसत नाहीत. फ्रेममधून, म्हणजे कापड धरून ठेवणाऱ्या रिंगमधून, काढलेला शर्ट झकास दिसतो आणि पहिल्या धुण्यानंतर अक्षरांच्या कडेने बारीक भोकांची रांग उमटते. हे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं नसून एकात एक अडकवलेल्या फासांचं असतं. सुईने एक फास तोडला की शेजारचे सुटायला लागतात. त्यामुळे सुई, बॅकिंग (टाक्यांना आधार म्हणून कापडामागे लावायचा थर), फ्रेम यांतलं काहीही निवडताना बऱ्याच धुण्यांनंतर शर्टाचं काय होईल, हे आधी बघावं.

सुईचा निर्णय सोपा आहे. टोकदार सुई धाग्याच्या आरपार जाते. बॉलपॉइंटचं टोक किंचित गोलसर असल्याने ती धागा बाजूला सारून फासांमधून वाट काढते. नेहमीच्या टी-शर्टला 75/11 नंबरची, तलम जर्सीला 70/10 ची बॉलपॉइंट घ्यावी. टोकदार सुईने बारीक अक्षरांच्या कडा रेखीव येतात हे खरं, पण तेवढ्यासाठी कापड पणाला लावू नये. 60 नंबरचा बारीक धागा आणि 65/9 ची बॉलपॉइंट घेतली तरी अक्षरं स्वच्छ येतात. सुई बसवण्याआधी तिचं टोक नखावरून हलकेच ओढून बघा. ओरखडा उठला तर टोक दुमडलंय, आणि अशी सुई बॉलपॉइंट असली तरी कापड तोडतेच.

खरा फरक बॅकिंगने पडतो. टिअरअवे वापरायला सोयीचं: काम झालं की फाडून टाकलं, मागची बाजू मोकळी. अडचण नेमकी तिथेच आहे. बॅकिंग गेलं की टाक्यांचा सगळा भार ताणल्या जाणाऱ्या कापडावर येतो, शिवाय फाडतानाच्या ओढीने कडेचे फासही सैल होतात. पाण्यात विरघळणारं बॅकिंग एकटंच लावलं तरी तेच. कटअवे शर्टासोबत कायम राहतं आणि टाके धरून ठेवतं. त्याची तक्रार एकच, जाड कटअवे पातळ शर्टातून चौकोनासारखं दिसतं आणि अंगाला टोचतं. त्यावर जाळीदार कटअवे हा उत्तम तोडगा आहे. ते मऊ असतं आणि फिकट शर्टातूनही फारसं दिसत नाही. नक्षी भरगच्च असेल तर त्याचेच दोन थर लावावेत. रोज वापरायच्या होजिअरीच्या शर्टाला टिअरअवे लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कटअवे कापताना मात्र जपा. कितीतरी शर्टांना भोक पडतं ते सुईने नव्हे, याच वेळी कात्रीने. शर्ट खाली सोडून बॅकिंग वर उचलून धरा, नक्षीभोवती साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर राहू द्या आणि कोपरे गोल कापा.

शर्ट फ्रेममध्ये घट्ट बसवायचा की फक्त बॅकिंग बसवून त्यावर शर्ट चिकटवायचा? फ्रेममध्ये धरलेला शर्ट हलत नाही, त्यामुळे नक्षीची बाह्यरेषा आणि भराव (आतली जागा भरणारे टाके) जुळून येतात. पण बसवताना तो जरा जरी ताणला गेला तरी सुटल्यावर नक्षीभोवती चुण्या पडतात, आणि रिंगचा वळ उठतो तो वेगळाच. हा वळ बहुधा वाफेने किंवा धुण्याने जातो. चिकट स्प्रेने बसवलेल्या शर्टाला वळ उठत नाही, पण भरगच्च नक्षीत कापड सरकू शकतं. छोट्या, हलक्या नक्षीला चिकटवणं पुरतं. मोठ्या नक्षीला चुंबकी फ्रेम मिळाली तर उत्तम, नाहीतर शर्ट न ताणता फ्रेममध्येच धरावा.

नक्षीही कापड फाडू शकते. भरावाच्या टाक्यांमध्ये सहसा 0.40 मिमी अंतर असतं, ते होजिअरीसाठी 0.45 च्या आसपास न्यावं. एक मिलिमीटरहून आखूड टाके काढून टाकावेत, कारण सुई पुन्हा पुन्हा तिथेच घुसते.

एवढं करूनही भोक दिसलं तर आधी ते ओळखा. शर्ट उलटा करा, वाफ द्या, नखाने फास हळूच सारखे करा. भोक मिटलं तर धागा फक्त बाजूला सरकला होता. उघडंच राहिलं तर तो तुटलाय, आणि मग इस्त्रीने चिकटणारं पातळ, ताणलं जाणारं अस्तर मागून लावून सुटलेले फास त्याच रंगाच्या धाग्याने हाताने अडकवून घ्यावेत. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकाला रफूची ही पद्धत सगळ्यात चांगली, कारण कापडाचा लवचिकपणा टिकतो. कृत्रिम धाग्याच्या शर्टाला इस्त्री मंद ठेवा.

रांगेने भोकं असतील तर रफू पुरत नाही. मग ती झाकणारं ॲप्लिक करावं, म्हणजे वरून कापडाचा तुकडा शिवावा, पण नवं कटअवे लावून आणि तुकड्याची कड भोकांच्या बरीच पलीकडे, धडधाकट कापडावर नेऊन. भोकांवरूनच सॅटिन टाके (एकमेकांना लागून घातलेले समांतर टाके) फिरवले तर उरलेलं कापडही कापलं जातं.

भरतकाम उसवणं हा शेवटचा उपाय. मागून बॉबिनचा (मशीनच्या खालच्या रिळाचा) धागा थोड्या थोड्या टाक्यांवर कापत जा, वरचा धागा पुढून सुटून येतो. सॅटिनची अक्षरं अशी निघतात. भरगच्च भराव उसवताना मात्र शर्ट बहुधा आणखी फाटतो, तिथे ॲप्लिकच बरं.