टोल चुकवत फ्रान्सभर कॅरव्हान: एका हंगामाच्या वापरानंतर

हा रिव्ह्यू एखाद्या वस्तूचा नाही, एका पद्धतीचा आहे. ब्रिटनमधून कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घर, ओढत फ्रान्सच्या कॅले बंदरात उतरायचं आणि टोलचे मोटरवे जमेल तितके टाळून फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून दक्षिणेला सरकायचं. त्यासाठी लागतो फोनवरचा नकाशा, मिशलँचा १:२,००,००० मापाचा छापील ॲटलस आणि गावोगावच्या नगरपालिकांच्या कॅम्पसाइट. आमची गाडी डिझेलची, कॅरव्हान एका एक्सलची, १,४०० किलोच्या आतली, उंची २.६ मीटर. मे ते सप्टेंबर असा पूर्ण हंगाम वापरून झाल्यावर मत एकच: फोनमधलं ‘टोल टाळा’ हे बटण म्हणजे प्लॅन नव्हे. बटण बंद ठेवून रस्ता स्वतः जोडला तर पद्धत उत्तम आहे. नुसतं बटण दाबून निघालात तर दोन दिवसांत वैतागून टोलनाका शोधाल.

बटणाचा घोळ असा. फोनला वाटतं तुम्ही एकटी कार चालवताय. त्याला मिनिटं वाचवायची असतात, म्हणून दोन मिनिटांसाठी तो तुम्हाला चांगला रुंद रस्ता सोडून शेतातल्या एकेरी रस्त्याला घालतो. समोरून गवताचे भारे लादलेला ट्रॅक्टर आला की कॅरव्हान रिव्हर्समध्ये घ्यायची वेळ येते. गावात शिरताना रुंदीची मर्यादा २.३ मीटर लिहिलेली पाटी दिसते, तीही वळायला जागा उरत नाही तेव्हा. यावर उपाय म्हणजे अर्ध्या दिवसाचा एकेक तुकडा करायचा आणि प्रत्येक महत्त्वाच्या चौकावर थांबा टाकून मार्ग खिळवून ठेवायचा. थांबा गावाच्या मध्यावर नको, बाहेरच्या गोल चौकावर हवा; नाहीतर फोन तुम्हाला चर्चसमोर नेऊन उभं करतो, आणि त्या दिवशी नेमका बाजार असतो.

रस्ते निवडायची गुरुकिल्ली नंबरात आहे. २००६ साली फ्रान्सने बरेचसे जुने राष्ट्रीय रस्ते जिल्हा प्रशासनांकडे सोपवले. नाव ‘एन’चं ‘डी’ झालं, पण जुना नंबर बहुतेक वेळा आत लपलेला असतो. एन-२० कुठे डी-२०२० झाला तर कुठे डी-८२०. एन-१५ चा डी-६०१५ झाला. हे रस्ते ट्रकसाठी बांधलेले, रुंद आणि बेताच्या चढाचे, कॅरव्हानला हेच हवेत. जिल्ह्याची हद्द ओलांडली की नंबर बदलतो, रस्ता तोच राहतो. बूलोनहून निघताना जो डी-९०१ असतो तोच सोम जिल्ह्यात शिरल्यावर डी-१००१ होतो. शेजारी बसणाऱ्याने हे कागदावर आधीच लिहून ठेवावं, म्हणजे ऐन चौकात गडबड होत नाही.

ॲटलसमध्ये लाल रस्ता मोठा, पिवळा दुय्यम, पांढरा अगदीच गावातला. कॅरव्हानला लाल आणि पिवळा, पांढरा नाही. चढावर बाण असतात: एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. एक बाण चालतो. दोन बाण दिसले तर दुसरा रस्ता शोधायचा. तीन असतील तर त्या खोऱ्याला कॅरव्हान नेऊच नये, साइटवर उभी करून नुसत्या गाडीने फिरून यावं. फोन हे काहीच दाखवत नाही, म्हणून अजून तरी ॲटलसला पर्याय नाही.

कॅलेपासून दॉर्दोन्यपर्यंतची आमची नेहमीची जोडणी अशी. ‘ए’ म्हणजे मोटरवे; त्यातला ए-१६ बूलोनपर्यंत फुकट आहे. तिथे उतरून डी-९०१ ने माँत्रय, पुढे डी-१००१ ने आबव्हिल. आबव्हिल ते रुआँ ए-२८ फुकट आणि बहुतेक मोकळा. रुआँ हा या मार्गातला सगळ्यात त्रासदायक तुकडा: शहरातून जावं लागतं, आणि सकाळी आठ किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास पोहोचलात तर तास गेलाच समजा. पुढे ए-१३ चा मोह टाळून डी-६०१५ ने लूव्हिए गाठायचं, तिथून एन-१५४ ने एव्ह्रू, द्रू, शार्त्र. एन-१५४ वर ट्रक फार आणि बराचसा भाग दोनच लेनचा. पुढे ऑर्लेआँ शहरात सिग्नल बरेच लागतात, पण ते ओलांडलं की डी-२०२० सोलोन्यच्या जंगलातून लामोत-बव्रों, साल्ब्री करत सरळ व्हिएरझोंला पोहोचवतो. शेजारून टोलचा ए-७१ जातो, त्याची उणीव फारशी जाणवत नाही. व्हिएरझोंपासून शातोरू, लिमोज, ब्रीव्हपर्यंत ए-२० पूर्ण फुकट, चांगला अडीचशे किलोमीटरहून जास्त. ब्रीव्हच्या दक्षिणेला टोल सुरू होतो, तिथे उतरून डी-८२० ने सुयाक.

नॉर्मंडीतल्या उइस्त्रआम बंदराच्या फेरीबोटीने आलात तर काम आणखी सोपं. काँ ते रेन ए-८४ फुकट आहे आणि ब्रिटनीत टोलचा मोटरवेच नाही. प्वातिए ते बोर्दो एन-१० सुद्धा फुकट, पण स्पेन-पोर्तुगालचे ट्रक रांगेने येतात.

क्लेरमाँ-फेराँहून बेझिएकडे जाणारा ए-७५ हा या सगळ्यात देखणा. हजार मीटरच्या वर चढतो, उतार लांबच लांब. उतरताना तिसरा किंवा चौथा गिअर आधीच टाकायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोहोचेपर्यंत ब्रेकचा वास येतो. या रस्त्यावर टोल एकच, २००४ साली खुल्या झालेल्या मियोच्या पुलावर. तो टाळायचा तर मियो गावात चारशे मीटर खाली उतरायचं आणि डी-८०९ ने लार्झाकच्या पठारावर पुन्हा तेवढंच चढायचं. उन्हाळ्यात गावात गर्दीही असते. इथे मात्र टोल भरावा, हट्ट करू नये.

आता सापळे. माँमारो ते दिग्वाँ हा एन-७९ चा तुकडा नोव्हेंबर २०२२ पासून ए-७९ झाला आणि टोलचा झाला. जुन्या नकाशांत आणि जुन्या जीपीएसमध्ये तो अजून फुकट दिसतो. शिवाय तिथे नाका नाही, कमानीवरचे कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरावे लागतात, नाहीतर दंड. नॉर्मंडीच्या ए-१३ वरही २०२४ मध्ये हीच व्यवस्था आली. चुकून एक एक्झिट जरी वर गेलात तरी त्याच रात्री टोलच्या वेबसाइटवर जाऊन गाडीचा नंबर टाकून बघा.

खर्चाचं गणित. टोलचा वर्ग उंची आणि वजनावर ठरतो. दोन ते तीन मीटर उंचीची कॅरव्हान मागे लागली की गाडी दुसऱ्या वर्गात जाते आणि टोल साधारण दीडपट होतो. उलट वेगाचा फायदा मात्र मिळत नाही. गाडी आणि कॅरव्हानचं मिळून कमाल वजन ३.५ टनांवर गेलं तर मोटरवेवरही मर्यादा ताशी ९० किलोमीटरची. त्याच्या आत असलात तरी १३० ने कॅरव्हान ओढणारा शहाणा नव्हे. फुकटच्या चौपदरीवरही आपण ९० नेच जाणार. साध्या दुपदरीवर ८०. म्हणजे नुकसान फक्त गावांमधल्या ५० आणि ३० च्या पट्ट्यांत होतं. एकट्या कारने टोल टाळणं बरेचदा परवडत नाही, कॅरव्हानने परवडतं. डिझेलही ८० ला कमी जळतं.

कधी निघायचं यावर अर्धा प्रवास अवलंबून आहे. शनिवारी रात्री १० ते रविवारी रात्री १० या वेळात साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी असते, म्हणून एन-१० आणि एन-१५४ साठी रविवारच धरावा. रोज दुपारी १२ ते २ खेडी जेवायला बसतात आणि रस्ते ओस पडतात. आपण डबा आधी खाऊन तेव्हाच चालवावं. जुलै-ऑगस्टचे शनिवार ‘बिझाँ फ्युते’च्या सरकारी अंदाजात लाल किंवा काळे असतील तर कॅरव्हान हलवूच नये.

डिझेल आदल्या संध्याकाळी, कॅरव्हान साइटवर सोडून भरावं. सुपरमार्केटचे पंप स्वस्त, पण पार्किंगच्या तोंडाशी उंचीची आडवी दांडी असते. रविवारी पंप फक्त कार्डवर चालतो आणि शंभर-दीडशे युरो काही काळ ब्लॉक करतो, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक हवी.

गावात शिरताना पिवळ्या चौकोनी हिऱ्याची पाटी दिसतेय तोवर तुमचा रस्ता प्राधान्याचा. त्याच हिऱ्यावर काळी रेघ आली की उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही चिंचोळी असो. स्पीडब्रेकर उंच असतात. जॉकी व्हील, म्हणजे कॅरव्हानच्या पुढचं टेकूचं छोटं चाक, पूर्ण वर घेऊन घट्ट आवळलं नसेल तर पहिल्याच उंचवट्यावर घासतं. ब्रिटिश कॅरव्हानचं दार डाव्या बाजूला, म्हणजे फ्रान्समध्ये वाहतुकीच्या बाजूला उघडतं. रस्त्याकडेला थांबून आत चहाला जाणं इथे धोक्याचं. मुलं असतील तर वेगळी पार्किंग असलेला थांबाच बघा.

मुक्कामासाठी नगरपालिकेच्या साइट स्वस्त, नदीकाठी, गावातल्या बेकरीपासून चालत. ऑफिस दुपारी बंद. बरेचदा आधी जागा लावायची, पैसे घेणारा संध्याकाळी येतो. दोन एक्सलच्या कॅरव्हानला अनेक ठिकाणी सरळ मनाई आहे, विकत घेण्याआधी हे लक्षात असू द्या. कॅम्पर व्हॅनसाठी असलेल्या ‘एर’ थांब्यांवर कॅरव्हान चालत नाही, ॲपमध्ये कितीही छान दिसले तरी.

वीज बरेचदा ६ अँपिअर, म्हणजे जेमतेम १,३८० वॅट. इंडक्शन शेगडी लावली की ट्रिप. कुकर गॅसवर, मिक्सर चालेल पण तेव्हा गीझर बंद. प्लगमध्ये पोलॅरिटी उलटी (फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल) निघू शकते, म्हणून छोटा टेस्टर आणि उलट जोडलेली एक आखूड वायर जवळ ठेवा. गॅसची ब्रिटिश टाकी तिथे बदलून मिळत नाही, कॅम्पिंगाझ कंपनीची मिळते.

आपल्या मंडळींसाठी दोन गोष्टी. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहत असाल तर शेंगेन व्हिसा लागतो आणि अर्जात मुक्कामाचा पुरावा मागतात. नगरपालिकेच्या साइटवर बुकिंग बरेचदा मिळतच नाही, तेव्हा रद्द करता येईल असं खासगी साइटचं बुकिंग जोडा. आणि ब्रिटनमधून मांस व दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात घरचं तूप आणि पनीरही आलं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला बिनधास्त न्या, लोणी तिथलं घेऊन तूप कढवा.

सप्टेंबरच्या मध्यानंतर नगरपालिकेच्या बऱ्याच साइट बंद होतात. तेव्हा परतीचा मार्ग आखताना खासगी साइट धराव्या लागतात. हंगामाबाहेर तिथे कॅम्पिंगकार्ड एसीएसआय हे सवलतीचं कार्ड चालतं आणि भाडं बऱ्यापैकी खाली येतं.