तानपुरा लावून मोजलेला तुटका आवाज : लिनक्सवर रेकॉर्डिंग, आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरातल्या एका छोट्या रेकॉर्डिंग खोलीत हा संच दिवाळीच्या आधीपासून वळवाच्या पावसापर्यंत रोज चालला आहे. कामं नेहमीचीच : भजनी मंडळं, शाहिरी, ढोलकी-हार्मोनियमची साथ, जाहिरातींचे आवाज. आठव्या पिढीचा चार कोअरचा आय-फाइव्ह लॅपटॉप, १६ जीबी रॅम, एसएसडी, दोन माइकचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), डेबियन १३ हे लिनक्स, आवाज इकडून तिकडे नेणारी पाइपवायर यंत्रणा आणि आर्डर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम. निकाल आधीच सांगून टाकतो. २५६ फ्रेमच्या बफरवर (फ्रेम म्हणजे आवाजाचा एक नमुना, बफर म्हणजे एका वेळी हाताळायचा तुकडा), ४८ किलोहर्ट्झला, दोन-दोन तासांची बैठक एकही एक्सरन, म्हणजे आवाजातलं भोक, न येता पार पडते. आणि यातला मोठा वाटा रिअलटाइम कर्नलचा, म्हणजे वेळ काटेकोर पाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याचा, नाही. वीज वाचवणाऱ्या सोयी आवरल्या, तिथे खरा फरक पडला.

आवाज तुटतो म्हणजे नेमकं काय होतं? २५६ फ्रेम म्हणजे ५.३३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात मशीनने पुढचा तुकडा तयार करून कार्डाच्या हाती द्यायचा. एकदा जरी उशीर झाला तरी भोक पडतं, त्यालाच एक्सरन म्हणतात. त्यामुळे सरासरी वेगाला इथे फारशी किंमत नाही. सगळ्यात वाईट एका क्षणी किती उशीर झाला, एवढंच मोजायचं. नवाकोरा महागडा लॅपटॉप तुटतो आणि जुना निवांत चालतो, तो याच कारणाने.

ऐकून तपासायचं तर ढोलकीवर कधीच तपासू नका. थापेच्या गडबडीत मिलिसेकंदाचं भोक सहज लपतं. हार्मोनियमचा लांब धरलेला सूर मात्र लगेच चुगली करतो. म्हणून चाचणी तानपुऱ्यावर घ्यायची : फोनवरचा तानपुरा वायरने इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला द्या आणि अर्धा तास रेकॉर्डिंग चालू ठेवा. एक्सरन येईल तिथे खूण टाकायची सोय आर्डरच्या प्रेफरन्समध्ये आहे, ती आधी चालू करा. नंतर खुणेपाशी जाऊन लाट मोठी करून पाहिली की तानपुऱ्याची गोल वळणं चालता चालता एकदम उभी रेघ दिसते, कड्यावरून तुटल्यासारखी, आणि पलीकडे लाट भलत्याच उंचीवरून सुरू होते. मधले नमुने गेले ते गेले, मागाहून कुठलाही फिल्टर ते परत आणत नाही. एक्सरन न येणारी गुणगुण किंवा घरघर हा वेगळा आजार आहे. तो अर्थिंगचा आणि चार्जरचा. त्यासाठी बफर वाढवत बसू नका.

मोजायला टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यू-टॉप’ उघडून ठेवा. लोक चुका मोजणारा ‘ईआरआर’ रकाना पाहतात आणि आकडा वाढला की घाबरतात. खरी माहिती त्याच्या डावीकडे आहे. ‘वेट’ म्हणजे एखादा प्रोग्रॅम चालायला तयार झाल्यापासून प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत गेलेला वेळ, आणि ‘बिझी’ म्हणजे सुरू झाल्यापासून काम संपेपर्यंतचा. बिझी मोठा असेल तर प्लगइन (आवाजावर परिणाम करणारे जोड-प्रोग्रॅम) जड झाले आहेत. रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, कमी करा, तयार ट्रॅक फ्रीझ करा. बिझी इवलासा, तरी वेट मधूनच उसळतो आणि ईआरआर वाढतो, असं असेल तर प्रोसेसरला काम जास्त नाही, त्याला वेळेवर जाग येत नाही. आमच्या संचाचा आजार हाच होता, आणि बहुतेक लॅपटॉपचा हाच असतो.

जाग न येणं हे शब्दशः आहे. काम नसलं की प्रोसेसर पायरीपायरीने झोपेत उतरतो. ‘सीपीयूपॉवर आयडल-इन्फो’ ही आज्ञा प्रत्येक पायरी आणि तिथून उठायला लागणारा वेळ दाखवते. डेबियनमध्ये त्यासाठी ‘लिनक्स-सीपीयूपॉवर’ हे पॅकेज घालावं लागतं. इंटेलच्या या पिढीसाठी लिनक्स कर्नलमध्ये जो तक्ता आहे, त्यात सगळ्यात खालच्या सी-१० पायरीवरून उठायला ८९० मायक्रोसेकंद धरले आहेत, आणि सी-१ वरून फक्त २. आता ६४ फ्रेमचा बफर घेतला तर हातात एकूण १,३३३ मायक्रोसेकंद. त्यातले ८९० डोळे चोळण्यातच गेले. गंमत म्हणजे हलक्या सेशनमध्ये हा त्रास जास्त होतो, कारण प्रोसेसरला झोपायला सवड मिळते. एकच माइक, एकही प्लगइन नाही, तरी टिक् येते, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

उपाय म्हणून बूटच्या ओळीत ‘मॅक्स सी-स्टेट’ १ लिहून टाका, असं जागोजागी सांगितलं जातं. आमचं मत विरुद्ध आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीतला पंखा बंद, दार बंद, एप्रिल-मेचा उकाडा. त्यात प्रोसेसर कायम जागा ठेवला की तासाभरात लॅपटॉप तापतो, त्याचा स्वतःचा पंखा घोंघावायला लागतो आणि माइकमध्ये येतो. जास्तच तापला तर वेग आपोआप उतरतो आणि पुन्हा एक्सरन. त्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या आधी ‘सीपीयूपॉवर आयडल-सेट’ला मोठा डी देऊन पुढे १०० लिहायचं. १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ घेणाऱ्या पायऱ्या तेवढ्या बंद होतात, वरच्या चालू राहतात. काम संपलं की त्याच आज्ञेला मोठा ई द्यायचा, सगळं पूर्ववत. सोबत प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर. या दोन ओळींची छोटी स्क्रिप्ट करून ठेवली की माइकची उंची लावताना एकदा ती चालवायची, बास.

वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, आणि या भागात काम करणाऱ्याने सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. लॅपटॉपला बॅटरी आहे, इंटरफेसही त्यावरच चालतो, म्हणजे रेकॉर्डिंग अडायचं कारण नाही. तरी लाइट गेली त्याच क्षणी दोन-तीन एक्सरन येतात. कारण टीएलपी, लॅपटॉपची वीज वाचवणारा प्रोग्रॅम. चार्जरची वीज तुटल्याचं कळताच हा प्रोग्रॅम एका दमात प्रोसेसरचं धोरण, वायफायची बचत, पीसीआय उपकरणांची झोप असं सगळं बॅटरीच्या नियमांवर नेतो. टीएलपीच्या फाइलमध्ये ‘ऑन एसी’ आणि ‘ऑन बॅट’ अशा जोड्या असतात. प्रोसेसर, वायफाय आणि रनटाइम पीएम (पीसीआय उपकरणांची झोप) या तिन्हींच्या बॅटरीच्या ओळीत एसीचीच किंमत लिहा. बॅटरी लवकर उतरते हे खरं, पण चालू अभंग पूर्ण होतो. हा बदल केल्यापासून लाइट गेल्यावर एकही खूण पडलेली नाही. टीएलपी मुळीच नको असेल तर काढून टाका, पण टीएलपी आणि तसंच काम करणारा पॉवर-प्रोफाइल्स-डीमन एकत्र ठेवू नका. दोघं एकमेकांचे आकडे बदलत राहतात.

यूएसबीकडे दुसरा डोळा ठेवा. ‘एलएसयूएसबी’ला टी जोडून चालवलं की कुठलं उपकरण कुठल्या फांदीवर आहे ते झाडासारखं दिसतं. इंटरफेस एकटा असावा. वेबकॅम, बाहेरची हार्डडिस्क आणि इंटरफेस एकाच हबवर असतील तर आधी ते सोडवा, सॉफ्टवेअर नंतर. ऑटोसस्पेंड, म्हणजे यूएसबी उपकरणांची आपोआप झोप, बंद करायला बूटच्या ओळीत ‘यूएसबीकोअर डॉट ऑटोसस्पेंड’ उणे १ करा. केबल आखूड आणि घट्ट बसणारी घ्या. सैल केबलचा दोष एक्सरनसारखा दिसत नाही, इंटरफेस पूर्ण गायब होऊन परत येतो. ‘डीमेसेज’मध्ये डिस्कनेक्टची ओळ दिसली तर केबल बदला, बाकी कशाला हात लावू नका.

प्रोसेसरने आवाजाचं काम आधी हाती घ्यावं यासाठी अग्रक्रम लागतो, आणि ते काम दोन ओळींचं आहे. लिमिट्स-डी फोल्डरमध्ये फाइल करून ऑडिओ गटाला ‘आरटीप्रायो’ (अग्रक्रमाची कमाल) ९५ आणि ‘मेमलॉक’ (रॅममध्ये अडकवून ठेवायची जागा) अनलिमिटेड द्यायचं, आपलं नाव त्या गटात घालायचं. यानंतर टर्मिनल बंद करून उघडणं पुरेसं नाही, पूर्ण लॉगआउट हवं. ‘युलिमिट’ला आर देऊन ९५ दिसलं तरच लागू झालं समजा. हे केलं नाही तर पाइपवायर आरटीकिट या मध्यस्थ सेवेकडून अग्रक्रम मागून घेतं, आणि तिथे नेहमीची कमाल २० आहे. वरच्या दोन ओळींची परवानगी मिळाली की पाइपवायर स्वतः ८८ घेतं.

कर्नलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रिअलटाइमचे बदल ६.१२ पासून मुख्य लिनक्समध्येच आले, डेबियन १३ तोच कर्नल देतं आणि त्याची आरटी आवृत्तीही पॅकेजमध्ये मिळते. दोन्ही वापरून पाहिल्या. साध्या कर्नलला बूटच्या ओळीत ‘प्रीएम्प्ट’ फुल आणि ‘थ्रेडआयआरक्यूज’ दिलं की २५६ वर दोघांत काहीच फरक जाणवत नाही. १२८ वर आरटी थोडा जास्त शांत आहे. थ्रेडआयआरक्यूजने उपकरणांच्या हाका वेगळ्या धाग्यांवर (थ्रेडवर) जातात. ते घेतलंत तर यूएसबी कंट्रोलरचा धागा मूळच्या ५० अग्रक्रमावर सोडू नका. ‘सीएचआरटी’ने ९० करा, म्हणजे तो पाइपवायरच्या वर राहतो. खालून डेटाच आला नाही तर वरचा कितीही चपळ असून काय करणार?

पाइपवायरचा नेहमीचा क्वांटम, म्हणजे एका तुकड्यातल्या फ्रेम, १०२४ आहे, पण एखादा प्रोग्रॅम लहान आकडा मागतो आणि जोडलेल्या प्रोग्रॅमांचा सगळा ग्राफ त्याच्यामागे खाली ओढला जातो. ब्राउझरची एक टॅब उघडली आणि मिक्स तुटायला लागलं, तर हेच झालेलं असतं. ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ने सेटिंग्जमध्ये ‘क्लॉक फोर्स-क्वांटम’ २५६ ठरवून टाका. ० दिलं की सक्ती उठते. रेकॉर्डिंगला २५६, मिक्सला १०२४. मिक्सला लहान बफर ठेवण्यात काहीही शहाणपण नाही.

आणखी एक फसवणूक. पाच सेकंद शांतता गेली की वायरप्लंबर, पाइपवायरच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम, साउंडकार्ड झोपवतो आणि पुढच्या आवाजाची सुरुवात खाल्ली जाते. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर गेलं की लोक एक्सरन शोधत बसतात, पण ईआरआर मात्र शून्यच असतो. वायरप्लंबरच्या फाइलमध्ये ‘सस्पेंड टाइमआउट’ ० केलं की प्रश्न मिटतो. यासाठी जुने लुआ फाइलचे नमुने उतरवून घेऊ नका, ०.५ आवृत्तीपासून त्या फाइल वाचल्याच जात नाहीत, आणि त्याचा इशारा लॉगमध्येच पडून राहतो, समोर येत नाही. त्यात तासन्‌तास वाया जातात.

बदल एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर तानपुऱ्याचा अर्धा तास. कंटाळवाणं आहे, पण चार गोष्टी एकत्र बदलल्या तर कुठली लागू पडली ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटनंतर सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. अपडेटचंही सांगायचं तर एपीटीचे (डेबियनच्या अपडेट यंत्रणेचे) रोजचे दोन टायमर बैठकीच्या वेळी बंद ठेवा. वायफाय तर सरळ ‘आरएफकिल’ने बंद.

न सुटलेलं एकच. गायकाला स्वतःचा आवाज रिव्हर्बसकट, लॅपटॉपमधून फिरून, कानात हवा असतो तेव्हा २५६ कमी पडतं. दोन तुकड्यांचे मिळून १०.७ मिलिसेकंद, म्हणजे आवाज साडेतीन मीटरहून थोडा लांबून आल्यासारखा. साथीदाराला चालतं, गाणाऱ्याला खटकतं. ६४ वर हा लॅपटॉप दहा-पंधरा मिनिटं टिकतो आणि मग एखादी खूण पडतेच. म्हणून कोरडा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरने थेट कानात द्यायचा आणि लॅपटॉपमधून फक्त रिव्हर्बची ओली बाजू पाठवायची. रिव्हर्ब दहा मिलिसेकंद उशिरा आला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. या मांडणीत आर्डरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग आठवणीने बंद करा, नाहीतर दोन आवाज एकावर एक बसून सूर पोकळ ऐकू येतो.