परत आलेली ‘हवा’ की चालूच असलेली ‘जत्रा’? एकच घ्यायचं तर कुठलं

मावसभावाचा बंगळूरहून मेसेज आला. मावशी आणि काका आता कायमचे त्याच्याकडे राहायला गेलेत, तिथला केबलवाला मराठी चॅनल देतो देतो म्हणत तीन आठवडे नुसतं ‘नाळे, नाळे’ करतोय, आणि त्यांचं नाळे म्हणजे आपलं ‘उद्या’, ते कधी उगवतं ते आपल्याला माहितीच आहे. तर भाऊ म्हणे एकच ॲप घेऊन देतो, झी फाईव्ह घेऊ की सोनी लिव्ह, दोघांना संध्याकाळी हसायला आलं पाहिजे बस, तू टीव्हीतला किडा आहेस तर तूच सांग.

म्हणजे प्रश्न सरळ होता, झीचं ‘चला हवा येऊ द्या’ की सोनीची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. उत्तर सरळ नाहीये, कारण हवा बंद होऊन परत आली आणि जत्रा मधले छोटे ब्रेक सोडले तर चालूच राहिली, आणि ह्या दोघांमधली माणसं इतकी इकडून तिकडे गेलीयेत की कोण कुठे आहे ते मलाच मध्येमध्ये बोटांवर मोजावं लागतं.

आधी हवेचं बघू. ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, मार्च २०२४ ला संपलं, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं. थुकरटवाडी नावाचं खोटंखोटं गाव, आणि त्यात डॉक्टर निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे. पिक्चर आला की टीम थुकरटवाडीत येऊन बसायची आणि तिच्यासमोर तिच्याच पिक्चरची टर उडवायची, शाहरुख खानसुद्धा येऊन गेला. बंद झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात साबळे आणि भाऊ कदम दुसऱ्या चॅनलवर, कलर्स मराठीवर गेले, नव्या शोचं नाव काय तर ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’, म्हणजे साबळेंचंच रोजचं वाक्य. तो काही महिन्यांत आटोपला. मग जुलै २०२५ ला झीने जुनं नाव परत काढलं, ‘चला हवा येऊ द्या, कॉमेडीचं गँगवॉर’, सूत्रसंचालक अभिजीत खांडकेकर, आणि पाच गँग लीडर: श्रेया, कुशल, भारत गणेशपुरे, प्रियदर्शन जाधव आणि गौरव मोरे.

गौरव मोरे! पवई फिल्टरपाड्याचा गौऱ्या, जो हास्यजत्रेतनं मोठा झाला. आता कळलं ना मी मोजावं लागतं का म्हणालो? नाव झीकडे राहिलं, वाक्य साबळे घेऊन गेले, सागर कारंडेचा पोस्टमन कुठेच नाही, आणि समोरच्या घरचा पोरगा ह्या घरात गँग लीडर. वाटण्या झालेल्या वाड्यासारखं झालंय, दारावर पाटी तीच पण आत वेगळीच बिऱ्हाडं.

त्यामुळे भावाला पहिलं हेच सांगितलं की ‘हवा परत आली’ असं समजून ॲप घेऊ नकोस. नाव परत आलंय. शो म्हणशील तर हा नवा शो आहे, महाराष्ट्रभर ऑडिशन घेऊन निवडलेल्या नव्या पोरापोरींची स्पर्धा आहे आणि जुने लोक त्यांचे दादा-ताई आहेत. तसा प्रयोग त्यांनी मागे ‘होऊ दे व्हायरल’ मध्येपण केला होता, म्हणजे अगदीच परका नाही, पण तेव्हा मधोमध साबळे उभे असायचे.

आता जत्रा. सोनी मराठी चॅनल ऑगस्ट २०१८ ला आलं, त्याच्याबरोबरच हेपण आलं. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे, हे दोन सचिन मागे बसून गाडी हाकतात. सुरुवातीला स्पर्धा होती, जोड्या-बिड्या, समीर चौघुले-विशाखा सुभेदार ही जोडी आठवत असेल, मग हळूहळू स्पर्धा विरून गेली आणि नुसती स्किट राहिली, जे माझ्या मते ह्या शोचं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल. प्राजक्ता माळी ‘वाह दादा वाह’ म्हणते, सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक समोर बसून हसतात. माणसं इथूनही गेली, विशाखाताई गेल्या, गौरव गेला, ओंकार भोजने गेला. भोजनेचा प्रवास तर एसटीच्या लांब पल्ल्याच्या गाडीसारखा आहे, इथून २०२२ ला ‘फू बाई फू’ मध्ये, तिथून ‘हसताय ना’ मध्ये, आणि २०२५ ला परत हास्यजत्रेत, डेपोला गाडी लागली एकदाची.

‘फू बाई फू’ वरनं आठवलं. तोही परत आलेलाच शो होता. बऱ्याच वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ ला, निर्मिती सावंत आणि उमेश कामत परीक्षक, मी पहिल्या दिवशी जेवण लवकर आटपून बसलेलो, आणि थोड्याच आठवड्यांत गुंडाळलं. तेव्हापासून ‘परत येतोय’ चा प्रोमो बघितला की मी आधी माणसं मोजतो, जुनी किती, आणि लिहिणारे कोण.

तर गेल्या महिन्यात मावशी-काकांकडे चार दिवस होतो तेव्हा म्हटलं वाद कशाला, लावूनच बघू. माझ्या दोन्ही अकाउंटवरनं, एकामागून एक, दोन संध्याकाळी.

पहिल्या दिवशी गँगवॉर. मावशी मटार सोलत होती, काका आरामखुर्चीत. खांडकेकर स्टेजवर आला आणि मावशीचा हात मटारावरच थांबला. ‘हा गुरुनाथ ना?’ म्हटलं हो, पण ते मागे झालं, ‘माझ्या नवऱ्याची बायको’ संपून वर्षं झाली. ‘संपू दे. ह्याने राधिकाला किती छळलं.’ आणि पुढचा अर्धा तास तो काही बोलला की ही बाई ‘हं, बोलतोय बघ गोड’ म्हणून शेंगा जरा जास्तच जोरात फोडायची. आता ह्याला तो बिचारा काय करणार, सूत्रसंचालन तो व्यवस्थित करतो, दिसतो छान, मराठी स्वच्छ, पण साबळे जे करायचे ते वेगळं होतं, साबळे स्वतः लिहायचे, स्वतः बसवायचे आणि स्किट पडायला लागलं की मध्येच घुसून सावरायचे. खांडकेकर यजमान आहे, साबळे घरमालक होते.

काकांना आवडले ते भारत गणेशपुरे. काकांची नोकरी अकोल्यात गेली, वऱ्हाडी कानावर पडली की त्यांचा चेहराच बदलतो. एका ठिकाणी गणेशपुरे नुसते ‘काहून बे’ म्हणाले असतील, काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पण त्यानंतर नव्या पोरांचं स्किट आलं आणि ते पेपर शोधायला उठले. नवी पोरं वाईट नाहीत, काही तर झकास आहेत, गावाकडनं आलेली, वेगवेगळ्या बोलींची, पण एका भागात दोन स्किट जमतात आणि दोन नुसती ओरडाओरडी, आणि वर तो स्पर्धेचा मसाला, कोणाची गँग पुढे कोणाची मागे, त्याच्यात सत्तरीच्या माणसाला काय रस.

दुसऱ्या दिवशी जत्रा. ह्यावेळी टीव्ही नाही, स्वयंपाकघरात फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला कारण मावशी नारळ खवत होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. इथे फरक लगेच कळला. जत्रेचं एक स्किट दहा-पंधरा मिनिटांचं, सुरू होतं आणि संपतं, मागचं-पुढचं काही माहिती लागत नाही. नम्रता संभेराव आली, मावशीची खवणी थांबली. पाचव्या मिनिटाला मावशी खवणीवरनं उठून ओट्यापाशी, आठव्या मिनिटाला काका बाहेरनं ‘काय झालं’ करत दारात, आणि मग पुढची तीन स्किट आम्ही तिघं ओट्याभोवती उभ्याउभ्या बघितली. नारळ अर्धाच राहिला, त्या दिवशी आमटीत ओलं खोबरं नव्हतं.

हे का होतं त्याचा मी विचार केला, तर मला वाटतं हास्यजत्रेत माणसं आपल्या चाळीतली असतात. कल्याणची शिवाली परब, साताऱ्याकडचा रोहित माने, भांडुपचा निखिल बने, कोकणी हेल काढणारे प्रभाकर मोरे. लग्नाची बैठक, सोसायटीची मीटिंग, दवाखान्याबाहेरचा बाक, विषय एवढेच. त्याच्यात वनिता खरात नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिली तरी तुम्हाला तुमची कुठलीतरी आत्या आठवते. हवेची गंमत पिक्चर आणि सेलिब्रिटींवर उभी होती, त्यामुळे ज्या पिक्चरची टर उडवतायत तो तुम्ही बघितलेला नसेल तर अर्धी गंमत डोक्यावरनं जाते. मावशीने शेवटचा पिक्चर थेटरात कधी बघितला ते तिलाही आठवत नाही.

म्हणून जत्रेत सगळं गोडच आहे असं नाही हां. मला दोन गोष्टींचा भयंकर राग येतो. एक म्हणजे दर दुसऱ्या वाक्याला कॅमेरा सई आणि प्रसादकडे जातो, ते हसतायत, अजून हसतायत, अरे आम्हाला कळलं विनोद झाला, आम्हीपण हसलो, आता पुढे चला. आणि दुसरं, एखादं पात्र चाललं की ते इतकं वापरतात की त्याचा चोथा होतो. नम्रताचं लॉली हे पात्र पहिल्यांदा बघून मला खुर्चीतनं पडायला झालेलं, कितव्यांदा तरी बघताना मी मधेच चहा ठेवून आलो आणि परत आलो तर काहीही चुकलं नव्हतं. शिवाय जाडेपणा, रंग, टक्कल ह्याच्यावरचे विनोद दोन्हीकडे आहेत, कमीजास्त करत बसण्यात अर्थ नाही. पुरुषांनी साड्या नेसून धुडगूस घालणं जुन्या हवेत जास्त होतं, काकांना ते आवडतं, मावशी उठून जाते, तुमच्या घरी कोण आहे त्याच्यावर बघा.

आता हवेच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर मी लबाड. जत्रेने मला पोट दुखेपर्यंत हसवलंय पण कधी घशात आवंढा आणला नाही. तो आणला सागर कारंडेच्या पोस्टमनने. अरविंद जगतापांनी लिहिलेली पत्रं, खाकी कपड्यातला पोस्टमन येणार, पिशवीतनं पत्र काढणार, आणि पाच मिनिटांपूर्वी खिदळणारं सगळं सभागृह गप्प. तिसऱ्या संध्याकाळी मी काकांना मुद्दाम एक जुना भाग लावून दिला. पत्र संपलं, काका काही बोलले नाहीत, रिमोट हातात घेऊन नुसते बसले, मग म्हणाले ‘आपल्याकडे त्या काळ्या ट्रंकेतला पत्रांचा गठ्ठा होता तो आणला का गं इकडे?’ मावशी आतनं म्हणाली आणलाय, माळ्यावर आहे. झालं, त्या रात्री स्टूल काढून मी माळ्यावर. हे गँगवॉरमध्ये नाही. ते पाच लीडर आणि ती सगळी गँग मिळूनसुद्धा नाही.

म्हणून भावाला जे लिहिलं ते असं. हास्यजत्रेसाठी लगेच पैसे घालायची घाई करू नकोस, त्यांची स्किट यूट्यूबवर ढिगाने पडलीयेत, आधी महिनाभर तीच दाखव, मावशीला फोनवरच बरं पडतं, आणि जर पूर्ण भाग मोठ्या टीव्हीवर पाहिजे असं तिने स्वतःहून म्हटलं तरच सोनी लिव्ह. झी फाईव्ह घ्यायचंच असेल तर गँगवॉरसाठी घेऊ नकोस, जुन्या थुकरटवाडीसाठी घे, काकांसाठी, आणि सुरुवातीच्या वर्षांचेच भाग लाव, शेवटी शेवटी त्यांचाही दम गेला होता हे मी फॅन असून सांगतोय. गँगवॉर मग वेळ उरला तर, आणि बघायचंच तर गणेशपुरे आणि श्रेया बुगडेची गँग आधी, श्रेया ही बाई कुठल्याही शोमध्ये टाका, ती आपलं काम करून जाते. गौरव मोरे मला तिकडेच जास्त आवडायचा, इथे त्याला लीडर म्हणून शहाण्यासारखं वागावं लागतं आणि गौऱ्याला शहाणपण शोभत नाही.

आणि तुला स्वतःला, म्हणजे भावाला, रात्री एकट्याने काही बघायचं असेल तर भोजनेचं नाव टाकून शोध आणि कुठल्या शोचं आहे ते बघूच नकोस, पोरगा तिन्ही ठिकाणी सारखाच भारी आहे.

ह्यावर त्याचं उत्तर आलं दोन दिवसांनी. मावशीला विचारलं म्हणे, आई, जत्रा की हवा? तर ती म्हणाली दोन्ही छान आहेत रे, पण त्याच्यावर ‘ठरलं तर मग’ लागतं का?

ते तिसऱ्याच ॲपवर लागतं.