जुनं थिएटर पुन्हा उघडताना: एकच मोठं सभागृह की छोटे पडदे?

मध्यवस्तीतलं बंद पडलेलं थिएटर हाती आलंय, निधी मोजका आहे. सभागृह मूळ रूपात उभं करावं की आत भिंती घालून तीन-चार पडदे करावेत?

खर्चाचं आधी पाहू. मूळ रूप हटकून अंदाजाबाहेर जातं. छताची गळती थांबल्याशिवाय प्लास्टरच्या नक्षीला हातच लावू नये. आत ओल राहिली की नव्या रंगालाही पोपडे येतात. तुटलेल्या वेलबुट्टीसाठी शेजारच्या शाबूत तुकड्यावरून रबराचा साचा घ्यावा लागतो, आणि हे काम जाणणारे कारागीर थोडेच. पण विभागणीही स्वस्त नाही: प्रत्येक पडद्याला वेगळा प्रोजेक्टर, वेगळी ध्वनियंत्रणा. मधली भिंत हलकी घातली, तर हळव्या प्रसंगात पलीकडचे धमाके ऐकू येतात.

कमाईत छोटे पडदे सरस. एक सिनेमा पडला तरी दुसरा तारतो.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की बदल पुढे उलटवता येईल का? अमेरिकेतल्या जर्सी सिटीचं 1929 चं लोज जर्सी थिएटर 1974 मध्ये तीन भागांत विभागलं, 1986 मध्ये बंद पडलं. पुढे स्वयंसेवकांनी खपून ते पुन्हा एकसंध केलं. नक्षी फोडून भिंती घातल्या, की असं काम फार अवघड होतं.

नक्षी शाबूत असेल आणि संगीत-नाटकाचे प्रयोगही होणार असतील, तर एकच सभागृह ठेवा. आतलं मूळ काम आधीच गेलंय आणि रोज सिनेमेच चालवायचेत, तर छोटे पडदे करा. अमेरिकेतल्याच ॲन आर्बर शहरातलं 1942 चं स्टेट थिएटर 2017 मध्ये चार पडद्यांसह उघडलं.