नादारीचं काम शिकायचंय: १९२० चा कायदा, आयबीसी की अमेरिकन अर्ज?

रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या कोर्टात नुकती वकिली सुरू केली आहे आणि कर्जात बुडालेल्या साध्या माणसाचं, म्हणजे नादारीचं काम शिकायचं आहे, तर आज तीन वाटा दिसतात. पहिली वाट १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याची. तिचं काम जिल्हा न्यायालयात चालतं आणि शिकायचं ते सीनियरच्या हाताखाली. दुसरी २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेची, जिला सगळे आयबीसी म्हणतात. तिसरी वाट घरी बसून अमेरिकन वकिलांसाठी तिथल्या ग्राहकांचे दिवाळखोरीचे अर्ज तयार करण्याची. माझं मत आधीच सांगतो: पहिली वाट आधी धरा.

आपल्याकडचा कर्जदार बहुतेक वेळा आंबा बागायतदार असतो, नाहीतर छोट्या नौकेचा मालक, नाहीतर मुंबईची नोकरी सुटून गावी परतलेला माणूस. बँकेचं पीककर्ज, पतसंस्थेचं सोनेतारण, वाशीच्या दलालाची उचल आणि वर हातउसने, असे चार-पाच बोजे त्याच्यावर एकदम असतात. असा माणूस आयबीसीत कुठे बसतो? आज तरी कुठेच नाही. संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी लिहिला आहे खरा, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. वर्गात हौसेने शिकवली जाणारी ‘फ्रेश स्टार्ट’ची, म्हणजे छोट्या कर्जदाराचं कर्ज माफ करण्याची, कलमं ८० ते ९३ अजून कागदावरच आहेत. त्यातल्या मर्यादाही बघा: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, माफ होऊ शकणारं कर्ज ३५,००० पर्यंत आणि नावावर राहतं घर नको. गावात कौलारू घर नसलेला कर्जदार मला तरी क्वचित भेटतो.

१९२० चा कायदा रद्द करणारं आयबीसीचं कलम २४३ अमलात आलेलं नाही. जुने कायदे चालू आहेत, लोकांनी त्याखालीच दाद मागावी, असं केंद्र सरकारने २०१७ मध्ये स्पष्टही केलं होतं. म्हणून मुंबई शहराबाहेरच्या, म्हणजे कोकणातल्या माणसाला दार उघडं आहे ते जिल्हा न्यायालयाचंच. कलम १० प्रमाणे कर्ज फेडता येत नसेल आणि ते निदान ५०० रुपयांचं असेल, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात (म्हणजे कोर्टाच्या डिक्रीत) अटक अथवा जप्ती झाली असेल, तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं अपील आता मुंबईला न जाता उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातं. ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. माझ्यासारख्या माणसाला हा फरक फार मोठा वाटतो.

तीन कायद्यांतला खरा फरक मात्र एका प्रश्नात आहे, आणि तो पक्षकार पहिल्याच दिवशी विचारतो. अर्ज दिला की वसुली थांबते का?

अमेरिकेत थांबते. तिथल्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६२ मुळे अर्ज दाखल होताक्षणी बहुतेक सगळ्या वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. आयबीसीच्या मूळ कलम ९६ प्रमाणेही जामीनदाराचा अर्ज दाखल झाला की अंतरिम मोरॅटोरियम, म्हणजे वसुलीला तात्पुरती स्थगिती, सुरू होतो. १९२० च्या कायद्यात तसं नाही. नादार ठरवल्याचा हुकूम झाला, की मग कलम २८ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय धनको, म्हणजे कर्ज देणारा, पुढे जाऊ शकत नाही. तोवर वकिलाने जागं राहायचं. अर्ज दाखल करून घेतला गेला, की त्याची नोटीस दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी) चालू असलेल्या कोर्टाला लिलावाआधी पोचली पाहिजे, म्हणजे कलम ५२ चा उपयोग होतो. ज्युनिअर इथे हमखास चुकतात. अर्ज दिला म्हणून निश्चिंत राहतात आणि नौकेचा लिलाव होऊन जातो. गहाण घेतलेल्या धनकोला तर हा कायदा अडवतच नाही, हेही पक्षकाराला आधीच सांगून टाकावं.

‘वकीलसायबा, घर जातला काय?’ हा दुसरा प्रश्न. उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. शेतकरी किंवा मजूर स्वतः राहत असलेलं घर, शेतीची अवजारं, कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी जप्त होत नाहीत, आणि जे जप्त होत नाही ते नादारीतही रिसीव्हरकडे, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या कोर्टाच्या माणसाकडे, जात नाही. अर्थात घर गहाण टाकलेलं नसेल तर.

नादार ठरणं म्हणजे सुटका नव्हे, हे इथे आवर्जून सांगायला हवं. हुकुमात मुदत घातलेली असते. त्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला नाही, तर कलम ४३ खाली सगळी मेहनत रद्द होऊ शकते. शिवाय मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर न्यायालय पूर्ण मुक्तता नाकारतं. अपवाद एकच: ही स्थिती आपल्या दोषामुळे आली नाही, हे कर्जदाराने पटवलं पाहिजे. कोकणात या अपवादाला फार अर्थ आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात नारळ-सुपारीच्या बागा मुळासकट गेल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा पक्षकाराच्या फाईलमध्ये तलाठ्याचा पंचनामा सोन्याच्या मोलाचा ठरतो. हे कुठल्याही ऑनलाइन वर्गात शिकवत नाहीत. सीनियरच्या टेबलाशी बसूनच ते कळतं.

आयबीसी मग कधी? पक्षकार खासगी कंपनीच्या, समजा काजू प्रक्रियेच्या, कर्जाला जामीन राहिलेला असेल तेव्हा. मग काम मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात. बँकेकडून मागणीची नोटीस येते आणि चौदा दिवसांनंतर कलम ९५ चा अर्ज होऊ शकतो. ही कलमं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलीप जिवराजका प्रकरणात वैध ठरवली आहेत. काम चांगलं आहे, फीही बरी मिळते. पण ज्युनिअरच्या पहिल्या दोन वर्षांत असे पक्षकार किती येणार, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

अमेरिकन काम नाकारण्यासारखं मुळीच नाही. तिथले फॉर्म न्यायालयांच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत मिळतात. चॅप्टर ७ मध्ये विकण्याजोगी मालमत्ता विकून उरलेलं बरंचसं कर्ज माफ होतं. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षांची फेड ठरते. कुणाला काय मिळेल यासाठी २००५ च्या दुरुस्तीने उत्पन्नाची चाचणी घातली, आणि अर्जाआधीच्या १८० दिवसांत समुपदेशन घेणंही बंधनकारक केलं. आपण भारतात बसून तिथल्या माणसाला सल्ला देऊ शकत नाही. सही आणि जबाबदारी तिथल्या वकिलाची. आपल्या वाट्याला येतं ते परिशिष्टं भरण्याचं काम, आणि त्याला मी हलकं समजत नाही. मालमत्ता, सूट असलेल्या वस्तू, तारणी धनको, बिनतारणी धनको, सहकर्जदार, महिन्याचं उत्पन्न, महिन्याचा खर्च असं एकेक करून ते फॉर्म माणसाचा अख्खा संसार विचारतात. आपल्या १९२० च्या कायद्याचं कलम १३ मुख्यतः धनकोंची नावं-पत्ते आणि मालमत्तेची किंमत विचारतं. माझी सूचना अशी, की ते अमेरिकन फॉर्म एकदा छापून घ्या आणि आपल्याच पक्षकारासाठी मराठीत तशी यादी करा.

ती करायला बसलात की कोकणचा अडथळा पहिल्याच पानावर येतो. सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातली निम्मी मयत, वारसनोंद नाही, बहिणींचं हक्कसोडपत्र झालं की नाही हे कुणालाच धड माहीत नाही. पक्षकार म्हणतो ‘बाग माझी’, कागद म्हणतो सामाईक. त्याचा हिस्सा किती हे ठरल्याशिवाय मालमत्तेची किंमत लिहिता येत नाही. अंदाजाने लिहिली तर लपवाछपवीचा आरोप येतो. मागच्या दोन वर्षांत भावाच्या नावे बक्षीसपत्र केलं असेल, तर तेही विचारून घ्या. कलम ५३ खाली ते उलटू शकतं. दलालाची उचल वहीत असते, पावती नसते. सावकाराकडे परवाना आहे का, हे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाच्या दृष्टीने वेगळं तपासावं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीला पक्षकाराकडून फी आणि वकालतनाम्याच्या आधी तीन गोष्टी मागवा: ताजे सातबारा आणि आठ-अ, फेरफारांचे उतारे, आणि बायकोसमोर बसून केलेली धनकोंची यादी. बायकोसमोर अशासाठी, की पतसंस्थेचं दुसरं खातं आणि मोडलेल्या पाटल्या तिलाच आठवतात.