हातातला सन फोटोमीटर: काही महिने वापरल्यानंतर

हवेतल्या कणांची नोंद ठेवायची म्हटलं की बहुतेक जण पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, मोजणारा छोटा सेन्सर घेतात. तो माझ्याकडेही आहे आणि श्वासाच्या हवेसाठी उपयोगी आहे. पण हवामानाचा प्रश्न जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या सगळ्या हवेचा आहे. दोन-तीन किलोमीटर उंचीवरून धुराचा थर सरकत असला, तर खालच्या सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पाच फिल्टरचा, हातात धरायचा सन फोटोमीटर घेतला.

यंत्र सूर्याकडे रोखलं की ते ठराविक तरंगलांबींवर थेट येणारा प्रकाश मोजतं. वातावरणाबाहेर तो किती असता हे ठाऊक असेल, तर वाटेत किती घटला ते निघतं. त्यातून हवेच्या रेणूंचा आणि ओझोनचा वाटा वजा केला की उरते ती एरोसोल ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे एओडी: हवेत तरंगणाऱ्या कणांनी (एरोसोलनी) थेट प्रकाश किती घटवला त्याचं माप. सूर्य डोक्यावर असताना एओडी ०.१ असेल तर कणांमुळे थेट प्रकाश साधारण १० टक्के घटतो. १ असेल तर जेमतेम ३७ टक्के खाली पोचतो. आपण सरसकट ‘स्वच्छ’ म्हणतो त्या दिवसांमध्येही किती फरक असतो, हे या आकड्यांमुळे पहिल्यांदा नीट कळलं. एवढ्यासाठीसुद्धा मी हे यंत्र पुन्हा घेईन.

रोखण्याची सवय मात्र अंगवळणी पडावी लागते. यंत्र जरा हललं तरी प्रकाश कमीच भरतो, जास्त कधीच नाही; त्यामुळे हाताची चूक नेहमी एओडी फुगवते. लागोपाठ काही वाचनं घेऊन सगळ्यांत कमी एओडीचं ठेवावं, सरासरी काढू नये. सूर्यासमोर विरळ तंतुमेघ असेल तर तोही एरोसोल म्हणूनच मोजला जातो. एरोनेट हे नासाने उभं केलेलं सन फोटोमीटरांचं जागतिक जाळं ३० सेकंदांच्या अंतराने तीन वाचनं घेतं आणि त्यांच्यात फार तफावत आली तर ढग समजून ती टाकून देतं. हीच पद्धत हाताने पाळता येते. हवेचा दाबही नीट भरावा, कारण वजा करायचा रेणूंचा वाटा त्यावरून निघतो. ४४० नॅनोमीटरला समुद्रसपाटीवर नुसत्या रेणूंची ऑप्टिकल डेप्थ सुमारे ०.२४ असते. उंचावरच्या ठिकाणी समुद्रसपाटीचाच दाब ठेवला, तर जास्त वजाबाकी होते आणि हवा आहे त्याहून स्वच्छ दिसते.

सगळ्यात नाजूक भाग कॅलिब्रेशनचा. वातावरणाबाहेर यंत्राने किती प्रकाश दाखवला असता, तो स्थिरांक एक टक्का चुकला की सूर्य डोक्यावर असताना एओडी ०.०१ ने चुकते. स्वच्छ हवेत ०.०५ मोजायची असेल तर ही चूक लहान नव्हे. हा स्थिरांक काढायची जुनी रीत म्हणजे लँग्ली आलेख: सूर्य वर चढताना वाचनं घ्यायची आणि प्रकाशाच्या वाटेत हवा शून्य असती तर किती भरलं असतं, तिथपर्यंत रेषा मागे न्यायची. त्यासाठी सकाळभर हवा बदलता कामा नये. म्हणूनच एरोनेटची संदर्भ यंत्रं हवाईतल्या मौना लोआवर, सुमारे ३,४०० मीटरवर, आणि स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या इझान्यात तपासली जात आली आहेत. माझ्या यंत्राचा सर्वांत कमी तरंगलांबीचा फिल्टर या काही महिन्यांतच सरकू लागला आहे. बाकीचे चार एका वळणावर असताना तो एकटाच वर दाखवतो. फिल्टर काळानुसार झिजतात, पण इतक्या लवकर ही अपेक्षा नव्हती. याबद्दल मूल्यांकनातला एक तारा कापतो.

दोन तरंगलांबींच्या एओडीतून ऑन्गस्ट्रॉम घातांक, म्हणजे कण जाड की बारीक ते सुचवणारा आकडा, निघतो, आणि मला सगळ्यात जास्त आनंद याने दिला. तो शून्याच्या आसपास असेल तर जाडी धूळ किंवा समुद्री मीठ, दीडच्या वर गेला तर धुरासारखे बारीक कण. एओडी दोन्ही दिवशी सारखी आणि हा आकडा अगदी वेगळा, असं घडलं की आकाश वाचता येतंय असं वाटतं.

पण हवामानाच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढे आहे, आणि तिथे हे यंत्र थांबतं. थेट प्रकाश घटला म्हणजे तेवढी पृथ्वी थंड झाली असं नाही. विखुरलेला बराचसा प्रकाश पुढे, खालीच येतो. शिवाय सल्फेट प्रकाश परतवतं, काजळी तो शोषून हवा तापवते. आणि सूर्याकडे रोखलेल्या यंत्राला दोन्ही सारखेच, घटलेला प्रकाश एवढंच. शोषण किती हे कळायला सूर्याभोवतीच्या आकाशाची चमकही मोजावी लागते. एरोनेटची स्वयंचलित यंत्रं ते करतात, हातातलं करत नाही. ढगांचे थेंब कणांमुळे लहान आणि जास्त होतात, ढग उजळतात, तो परिणामही याच्या आवाक्याबाहेरचा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालात १७५० ते २०१९ या काळातला एरोसोलचा एकूण परिणाम दर चौरस मीटरला उणे १.१ वॉट (उणे म्हणजे थंड करणारा) धरला आहे, पण पल्ला उणे १.७ ते उणे ०.४ इतका रुंद आहे. त्यातला मोठा वाटा ढगांमार्फतचाच. कार्बन डायऑक्साइडचा आकडा अधिक २.१६ आहे. म्हणजे तापमानवाढीचा किती भाग कणांनी झाकून ठेवलाय, हेच अजून ढोबळ आहे. म्हणून जमिनीवरून घेतलेलं प्रत्येक नीट, तारीखवार वाचन मोलाचं आहे असं मी मनापासून मानतो. उपग्रहांच्या एओडीचीही पडताळणी शेवटी अशाच जमिनीवरच्या मोजणीशी होते.

फक्त ‘आज हवा कशी’ एवढंच हवं असेल त्यांनी यात पडू नये, सेन्सर पुरेसा आहे. घेणारच असाल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: फेरकॅलिब्रेशन कुठे होतं, कोणत्या संदर्भ यंत्राशी ताडून होतं, आणि प्रत्येक फिल्टरचा जुना स्थिरांक नव्यासोबत मिळतो का. जुना मिळाला नाही, तर मधल्या महिन्यांची वाचनं दुरुस्त करता येत नाहीत.