मधाची दारू: जांभूळवाली आधी घ्या

मध, पाणी आणि यीस्ट, एवढ्यावर मीड होते. ती गुळमट असणार हा समज पहिल्याच घोटात मोडतो, कारण यीस्ट मधातली बरीच साखर खाऊन टाकतं आणि मागे राहतो तो फुलांचा वास. पण मधात आंबटपणा आणि तुरटपणा मुळातच कमी, त्यामुळे नुसती साधी मीड मला जराशी पोकळ लागते. फळ पडलं की तिला अंग येतं.

म्हणून माझी पहिली पसंती नाशिकच्या सेराना कंपनीच्या जांभूळ मीडला. जिभेच्या कडांना जांभूळ तसंच चिकटतं, आणि मध अगदी शेवटी, घोट गिळल्यावर कळतो. चिकन शाकुतीतल्या भाजलेल्या खोबऱ्यापुढे ही मीड दबत नाही, हे मला फार आवडलं. पुण्याच्या मूनशाइनची सफरचंदाची मीड हलकी, बुडबुड्यांची. रवा लावून तळलेल्या चोणक माशाबरोबर दुपारी तीच हवी. त्यांचीच कॉफीची मीड जेवणात नको, नंतर बेबिंका या गोव्याच्या गोड पदार्थाबरोबर घ्या.

उर्राक या काजूच्या दारूसारखी लिमका, मीठ, मिरची घालून पिऊ नका, सगळा वास मरतो. बर्फही नको. फ्रिजमधून काढून थोडा वेळ ठेवा, मग ओता.

घेताना बाटली कुठे ठेवलीय ते बघा. पणजीतल्या एका दुकानात ती काचेपाशी उन्हात होती. मी आतल्या फ्रिजमधली मागून घेतली.